मुक्या रुग्णाची साक्ष

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, तबेल्यातील दाणापाणी उरकल्यावर, मोतद्दार घोड्याला बाहेर काढतो आणि टणक जमिनीवरून दुडक्या चालीने पुढे नेऊन परत आणतो, तेव्हा बाजूला उभा असलेला पशुवैद्य डोळ्यांइतकाच कानांनीही तपास करीत असतो. निरोगी घोड्याच्या टापा समान अंतराने व समान जोराने पडतात. पुढचा एखादा पाय दुखत असला, तर त्याची टाप दबलेली ऐकू येते आणि तो पाय जमिनीला लागताक्षणी घोडा मान वर उचलतो. मग वैद्य खाली बसतो, गुडघ्यामागून खुराकडे उतरणाऱ्या शिरेवरून अंगठा व तर्जनी हलकेच फिरवितो. नळीच्या मध्यावर त्याला ऊब लागते, किंचित फुगवटा लागतो, आणि तेथे दाब पडताच जनावर पाय ओढून घेते. दबलेली टाप, उचललेली मान आणि मागे ओढलेला पाय, एवढीच या रुग्णाची फिर्याद असते. ती कोणी लिहून घ्यावयाची आणि पुढे उपचार झाल्यावर गुण आला की नाही, याची साक्ष कोणाच्या तोंडून ऐकावयाची, हा पशुवैद्यकातील प्राचीन प्रश्न आहे. मूलपेशींच्या संशोधनाने तो सुटलेला नाही, किंबहुना अधिक तीव्र झाला आहे, आणि म्हणूनच या प्रकरणात मूलपेशींची हकीकत सांगताना हा प्रश्न मी सतत जवळ बाळगणार आहे.

ज्या अवयवाला तबेल्यात शीर म्हणतात त्याला शास्त्रात कंडरा असे नाव आहे. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे हाड, कातडी आणि वरच्या स्नायूंची ओढ खुरापर्यंत पोहोचविणाऱ्या कंडरा एवढाच काय तो संसार. पाचशे किलोंच्या आसपास वजनाचे जनावर भरधाव पळत असता क्षणभर त्याचा सारा भार एकेका पायावर येतो, आणि पायाच्या मागील बाजूस कातडीलगत असलेली कंडरा आपल्या मूळ लांबीच्या सुमारे १६ टक्क्यांपर्यंत ताणली जाते. म्हणजे ज्या ताणाने ती तुटावयाची, त्याच्या उंबरठ्यापर्यंत ती दर पावलागणिक जाऊन परत येते. ताणताना साठविलेली शक्ती ती पाऊल उचलताना परत करते, आणि या काटकसरीवरच घोड्याचा वेग उभा आहे. परंतु जी थोडी शक्ती परत येत नाही तिची उष्णता होते, आणि दौडीत कंडरेच्या गाभ्यातील तपमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याचे प्रत्यक्ष मोजमापाने सिद्ध झालेले आहे. रक्ताचा पुरवठा मुळातच तुटपुंजा, त्यात ही उष्णता आणि हा ताण. वर्षानुवर्षे बारीक झीज साचत जाते, आणि एके दिवशी गाभ्यातील तंतू फाटतात.

फाटलेले शरीर सांधते खरे, पण पूर्वीसारखे विणीत नाही. मूळच्या कंडरेत पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचे तंतू ओढीच्या दिशेने समांतर मांडलेले असतात; जखम भरून येताना तेथे तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे तंतू मोठ्या प्रमाणात येतात व ते आडवेतिडवे पडतात. कुशल रफूगाराने धाग्यास धागा जुळवून केलेला रफू आणि घाईने लावलेले जाड ठिगळ यांत जी तफावत, तीच येथे आहे. ठिगळ ताठ असते, ताणले जात नाही. मग त्याच्या वाट्याचा ताण शेजारच्या निरोगी भागावर पडतो आणि वर्षाभराच्या विश्रांतीनंतर मैदानात उतरलेला घोडा पुन्हा त्याच पायाने मागे येतो.

या दुखण्यावर मनुष्याने काय काय केले, याचा इतिहास उद्बोधक आहे. आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाते आणि उत्तर हिंदुस्थानात घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणण्याचा प्रघात त्यावरूनच पडला. लंगडणाऱ्या बैलाला तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून आजही सर्वस्वी लुप्त झालेली नाही, आणि ती केवळ अडाणीपणाची खूण आहे असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की इंग्लंडमधील उमद्या घोड्यांच्या पायांनाही सुशिक्षित पशुवैद्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अशीच डागणी करीत होते. डागल्याने बरे वाटते, असे मालक म्हणत व वैद्यही म्हणत. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी डागलेल्या व न डागलेल्या कंडरांची शिस्तवार तुलना केली, तेव्हा डागणीने कंडरा भरून येण्यास काहीही साहाय्य होत नाही, असा निष्कर्ष निघाला. गुण येत होता तो विश्रांतीने; श्रेय मात्र लोखंडाला मिळत होते. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या एका निश्चयात्मक समजुतीची शहानिशा करण्याची तजवीज कोणी केलीच नव्हती, आणि त्या दिरंगाईची वेदना असंख्य मुक्या प्राण्यांनी सोसली. मूलपेशींचा विचार करताना हा दाखला आपण विसरता कामा नये.

आता मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. शरीरातील बहुतेक पेशी आपापल्या नेमलेल्या कामास जुंपलेल्या असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, यकृताची पेशी रसायने घडविते, आणि एकदा पत्करलेला व्यवसाय ती सहसा बदलीत नाही. मूलपेशीचे लक्षण निराळे. ती विभागली असता स्वतःसारखी पेशीही निर्माण करते आणि विशिष्ट व्यवसायाच्या पेशींनाही जन्म देते. म्हणजे भांडवल कायम राखून व्याजावर घर चालविणाऱ्या गृहस्थासारखी तिची रीत असते. १९६१ साली कॅनडातील टोरोंटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकलक यांनी किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा नष्ट झालेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, आणि काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठलेल्या पाहिल्या. जितक्या पेशी टोचाव्यात त्या प्रमाणात गाठी उठत, आणि पुढील प्रयोगांत यांतील एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली आहे, याची रुजुवात झाली. रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशीचा तो पहिला निःसंदिग्ध पुरावा होय. त्याच सुमारास मॉस्कोमध्ये अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांना मज्जेतच दुसऱ्या एका जातीच्या पेशी आढळल्या. त्या काचेला चिकटून वाढत आणि त्यांपासून अस्थी निर्माण होत असे. अमेरिकेतील आर्नल्ड कॅपलन यांनी १९९१ मध्ये त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. अस्थी, कूर्चा, मेद यांसारख्या आधारऊतींची ही मूलपेशी असल्याने तिला आपण आधार-मूलपेशी म्हणू. पशुवैद्यकात आज जिचा बोलबाला आहे ती हीच.

येथे एका ऋणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. मज्जारोपणाच्या उपचाराने आज रक्ताच्या कर्करोगाचे जे रुग्ण वाचतात, त्यांच्या जगण्यामागे श्वानजातीचा मोठा वाटा आहे. एडवर्ड डॉनल थॉमस यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथे आणि नंतर सिअ‍ॅटल येथे वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग करून मज्जा कशी रुजते, परकी मज्जा यजमानाच्या देहावर कशी उलटते आणि दाता व ग्राहक यांच्या ऊतींचा मेळ कसा पाहावा, हे शोधून काढले. त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते ज्ञान आता फिरून प्राण्यांच्याच उपचारासाठी वापरले जात असेल, तर ती परतफेड आहे, आणि परतफेडीत खोटे नाणे चालविण्याचा अधिकार कोणासही नाही.

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील रॉजर स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये घोड्याच्या स्वतःच्या मज्जेतील मूलपेशी त्याच्या फाटलेल्या कंडरेत रोवण्याची रीत प्रसिद्ध केली. ती जवळून पाहण्याजोगी आहे. गुंगीचे औषध देऊन घोड्याला उभाच ठेवतात. छातीच्या हाडावरील केस काढून, कातडी बधिर करून, एक जाड सुई हाडात फिरवीत फिरवीत शिरवितात आणि पिचकारीचा दट्ट्या ओढतात, तेव्हा गडद तांबडी मज्जा वर येते. ती गोठू नये म्हणून पिचकारीत आधीच हेपॅरिन घातलेले असते. प्रयोगशाळेत ही मज्जा चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गुलाबी पोषकद्रवाबरोबर ठेवली जाते. एकदोन दिवसांनी द्रव बदलला की तांबड्या पेशी वाहून जातात आणि तळाला चिकटून राहिलेल्या मोजक्या पेशी तेवढ्या उरतात. प्रारंभी सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतक्या विरळ दिसतात, की यांतून काही निपजेल असे वाटू नये. पण आठवडाभरात त्यांची बेटे होतात, आणि दोनतीन आठवड्यांत दोन्ही टोकांना निमुळत्या, लांबट अशा पेशींनी बाटलीचा तळ भरून जातो. प्रवाहात एका दिशेने तोंड करून उभ्या राहिलेल्या मासोळ्यांसारख्या त्या दिसतात.

अशा सुमारे एक कोटी पेशी त्याच घोड्याच्या मज्जेतील द्रवात मिसळून तबेल्याकडे परत येतात. श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राच्या पडद्यावर, ज्याला व्यवहारात सोनोग्राफी म्हणतात, निरोगी कंडरा करड्या दाट ठिपक्यांची दिसते आणि फाटलेला गाभा त्यात काळ्या विवरासारखा उमटतो; वैद्य एका हाताने यंत्राचा दांडा धरून, दुसऱ्या हाताने सुई त्या काळ्या विवरापर्यंत नेऊन पोहोचवितो. त्यानंतर आरंभ होतो तो सक्तीच्या संयमाचा. प्रथम केवळ विश्रांती, मग हातात धरून रोज काही मिनिटांची फेरी, मग हळूहळू दुडकी. असा हा क्रम ४८ आठवडे चालतो. ज्या मालकाला ही मुदत पाळावयाची नाही, त्याने पेशींवर पैसा खर्च करू नये हे उत्तम.

फळ काय मिळाले? २०१२ साली या मंडळींनी ११३ शर्यतीच्या घोड्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. मैदानात परतल्यानंतर पुन्हा दुखापत झालेल्यांचे प्रमाण २७.४ टक्के भरले. जुन्या उपचारांच्या नोंदींत ते निम्म्याहून अधिक होते. आकडा आशादायक खरा. पण ही तुलना जुन्या दप्तराशी आहे, त्याच वेळी पेशी न देता सांभाळलेल्या घोड्यांशी नव्हे, ही मर्यादा राहतेच. म्हणून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगाचे मोल मोठे आहे. त्यात नैसर्गिक दुखापत झालेले १२ घोडे घेऊन काहींना पेशी व काहींना केवळ खारे पाणी टोचले. सहा महिन्यांनी कंडरा प्रत्यक्ष तपासल्या असता, पेशी मिळालेल्या कंडरा कमी ताठ व निरोगी कंडरेच्या अधिक जवळ गेलेल्या आढळल्या. घोडे थोडे होते. परंतु ब्रिस्टलच्या अभ्यासाने जो धडा घालून दिला होता, तो येथे पाळला गेला.

मात्र गुण आला तो कसा, याविषयीची मूळ कल्पना फार काळ टिकली नाही. आरंभी सर्वांची समजूत अशी, की टोचलेल्या पेशी फाटलेल्या जागी बसतात, कंडरेच्या पेशींचा व्यवसाय पत्करतात आणि नवे तंतू विणतात. म्हणजे पडलेल्या भिंतीवर नवे गवंडी कामास लावावे तसे. पेशींवर खुणा करून त्यांचा माग काढला तेव्हा दिसून आले, की त्यांतील बहुतेक पहिल्या काही दिवसांतच नाहीशा होतात आणि अत्यल्प तेवढ्या मागे राहतात. मग काम करतो कोण? आज मान्य होत चाललेले उत्तर असे, की या पेशी जगतात तोवर अनेक रासायनिक संकेत स्रवितात; त्या संकेतांनी दाह शमतो, प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरला जातो आणि तेथल्या मूळच्या पेशींना दुरुस्तीची चालना मिळते. त्या गवंडी नव्हेत, निरोप पोहोचवून निघून जाणारे जासूद आहेत. आणि ज्या कॅपलन यांनी त्यांना मूलपेशी हे नाव दिले होते, त्यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलून ‘औषधी संकेतपेशी’ अशा अर्थाचे नाव द्यावे, असा आग्रह जाहीरपणे धरला. स्वतः रूढ केलेली संज्ञा पंचवीस वर्षांनंतर पुराव्यापुढे मागे घेण्यास जो निःस्पृहपणा लागतो, तो मला या क्षेत्रातील कोणत्याही शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

ही दाह शमविण्याची शक्ती ध्यानात आल्यावर उपचाराचे क्षेत्र विस्तारले. मांजरांना हिरड्यांचा व तोंडाचा एक चिवट दाह होतो. प्राणी खाणे सोडतो, सगळे दात काढूनही कित्येकांना आराम पडत नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात बोआझ आर्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मांजरांना त्यांच्याच चरबीतून वाढविलेल्या पेशी शिरेवाटे दिल्या. २०१६ च्या त्यांच्या वृत्तांतात उपचार पूर्ण झालेल्या सात मांजरांपैकी पाच मांजरांना स्पष्ट गुण आल्याची नोंद आहे. कुत्र्यांच्या संधिवातावरही असे उपचार अनेक देशांत होत आहेत, आणि येथेच साक्षीचा प्रश्न पुन्हा सामोरा येतो.

औषध म्हणून साखरेची गोळी दिली तरी माणसाला बरे वाटते, कारण त्याला आशा असते. कुत्र्याला गोळीचे माहात्म्य ठाऊक नाही, तेव्हा त्याच्या बाबतीत हा भ्रम होणार नाही, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात भ्रम होतो. तो कुत्र्याला होत नाही, त्याच्या माणसांना होतो. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संधिवाताने लंगडणाऱ्या ज्या कुत्र्यांना औषधाच्या नावाखाली निष्क्रिय पदार्थच मिळत होता, त्यांच्या चालीची तुलना मालकांच्या व पशुवैद्यांच्या मतांशी केली गेली. पाय जमिनीवर किती भार टाकतो हे मोजणाऱ्या पट्टीवरून कुत्र्यांना चालविले होते, आणि पट्टी काहीही फरक दाखवीत नसता निम्म्याहून अधिक वेळा मालकांनी सुधारणा झाल्याचे सांगितले. वैद्यांचीही गत फारशी निराळी नव्हती. यात कोणी लबाड होते असे नाही. ज्याच्यावर जीव जडला आहे तो बरा व्हावा, ही इच्छा इतकी प्रबळ असते, की डोळे तिच्या हुकुमतीखाली पाहू लागतात. म्हणून प्रेमळ मालकाची जबानी ही पुराव्याचा आरंभ होऊ शकते, निकाल होऊ शकत नाही. निकालासाठी पट्टी हवी, तुलना हवी, आणि कोणत्या प्राण्याला काय मिळाले हे न जाणणारा परीक्षक हवा.

अशा पुराव्याचा आग्रह धरण्याचे काम काही अंशी कायद्याने हाती घेतले आहे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये घोड्यांच्या सांध्यांसाठी ‘आर्टी-सेल फोर्ट’ व ‘हॉर्सटेम’ या मूलपेशींच्या औषधांना परवाना दिला. २०२२ मध्ये कंडरांसाठी ‘रेनुटेंड’ आणि कुत्र्यांच्या संधिवातासाठी ‘डॉगस्टेम’ यांना मंजुरी मिळाली. या औषधांतील पेशी रुग्णाच्या स्वतःच्या नसून दुसऱ्या प्राण्याच्या असतात. ‘डॉगस्टेम’मध्ये तर घोड्याच्या नाळेतून घेतलेल्या पेशी कुत्र्याच्या सांध्यात दिल्या जातात. दात्याची एकदाच कसून तपासणी करता येते, प्रत्येक घाण्याची शुद्धता पाहता येते, आणि आजारी प्राण्याला दोनतीन आठवडे पेशी वाढण्याची वाट पाहावी लागत नाही, हे याचे लाभ. परकी पेशी शरीर कितपत सोसते आणि वारंवार दिल्यास काय होते, ही याची जोखीम. परंतु परवान्याच्या चौकटीबाहेर, केवळ काही गुण आलेल्या प्राण्यांची चित्रे दाखवून, वाटेल त्या व्याधीवर मूलपेशींचा मक्ता सांगणारा व्यापारही जगभर फोफावला आहे, आणि त्याच्या हातात आज लोखंडाऐवजी पिचकारी आहे एवढाच काय तो जुन्या डागणीपासूनचा फरक.

मूलपेशींची आणखी एक शाखा उपचारापेक्षा वंशसंवर्धनाकडे वळलेली आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत गर्भापासून मिळविलेल्या मूलपेशीचे केंद्रक वापरून ऑगस्ट २०१० मध्ये ‘गरिमा-२’ ही मुऱ्हा जातीची रेडी जन्मास आली आणि २०१३ च्या जानेवारीत तिने स्वतः ‘महिमा’ नावाच्या रेडीला जन्म दिला. दूरवर केन्यामध्ये तर प्रश्न एका संपूर्ण जातीच्या अस्तित्वाचा आहे. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यांतील शेवटचा नर, सुदान, मार्च २०१८ मध्ये मरण पावला. मागे राहिल्या त्या नाजिन व फातू या मायलेकी. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या कातडीच्या पेशीला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेऊन दाखविले होते. २०११ मध्ये तीच किमया या गेंड्याच्या जतन करून ठेवलेल्या पेशींवर साधली, आणि २०२२ मध्ये त्यांपासून बीजपेशींच्या पूर्वावस्थेपर्यंत संशोधक पोहोचले. तेथून परिपक्व अंड्यापर्यंतची वाट अजून लांब आहे. परंतु ज्या जातीच्या दप्तरात शेवटची नोंद झाली असे मानले जात होते, तिचे पान अद्याप मिटलेले नाही.

आता पुन्हा त्या घोड्याकडे वळू. पेशी टोचून काही आठवडे लोटले आहेत. मोतद्दार त्याला टणक जमिनीवरून दुडकीने नेतो, आणि टापा एकसारख्या पडतात. मान वर उचलली जात नाही, शिरेवर दाब दिला तरी पाय ओढला जात नाही. मालकाच्या मुद्रेवर आनंद दिसतो, आणि घोड्याला आता मैदानात सोडावे असे त्याला वाटू लागते. परंतु अनुभवी वैद्य जाणतो, की वेदना लवकर शमते आणि तंतू सावकाश जुळतात. पेशी मिळोत वा न मिळोत, बहुतेक घोडे काही आठवड्यांत लंगडायचे थांबतात. घोड्याची साक्ष खरी आहे. मला आता दुखत नाही, एवढेच तो सांगतो आहे, आणि तो खोटे बोलत नाही. मी बरा झालो, असे त्याने म्हटलेलेच नाही. ते वाक्य त्याच्या तोंडी आपण घालतो. म्हणून वैद्य यंत्र सुरू करतो, घोड्याच्या पायाशी बसतो आणि पडद्यावरील त्या काळ्या विवराची रुंदी मोजून वहीत नोंदवितो. मागील नोंदीशी ताडून पाहतो, आणि मोतद्दाराला सांगतो, की अजून एक महिना नुसते चालवावयाचे.